लाकडावर पॉलिमरचं कलम : वजन वाढलं, पण कलम धरलं का?

सुतारपक्षी

पॉलिश, वॉर्निश, पीयू हे सगळे लाकडावर बसतात. ग्राफ्टिंगमध्ये, म्हणजे या कलमात, पॉलिमरची साखळी लाकडातल्या सेल्युलोज-लिग्निनला (पेशीभित्तीचे तंतू आणि त्यांना सांधणारं द्रव्य) रासायनिक बंधाने जोडली जाते, त्यामुळे पापुद्रा सुटण्याचा प्रश्नच येऊ नये. पाणी कमी शोषलं जावं आणि पावसाळ्यात फुगणं आटोक्यात यावं, एवढीच अपेक्षा आहे.

आंब्याच्या लाकडाच्या २० × २० × २ मिमी चकत्या, मिथाइल मेथाक्रिलेट (पुढे एमएमए), सेरिक अमोनियम नायट्रेट, सॉक्सलेट (गरम द्रावकाने पुन्हा पुन्हा धुणारं उपकरण), नायट्रोजन सिलिंडर, फ्यूम हूड आणि व्हॅक्यूम ओव्हन एवढं उपलब्ध आहे. जाणकारांना प्रश्न:

१) प्रमाणं नेमकी काय घ्यावीत? प्रत्येक शोधनिबंधात वेगळी दिसतात.
२) पाण्याने धुऊन वाळवल्यावर वजन १७ टक्क्यांनी वाढलेलं दिसतं. हे ग्राफ्टिंग समजायचं का?
३) हीच कृती सागवानावर चालेल का?

रेणूबंध

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. नाही, १७ टक्के वजनवाढ म्हणजे १७ टक्के ग्राफ्टिंग नव्हे. फांदी सुतळीने खोडाला बांधली म्हणजे कलम झालं असं कोकणात कोणी म्हणत नाही. सुतळी सोडल्यावर फांदी राहिली तर कलम धरलं. इथे सुतळी सोडणं म्हणजे त्या पॉलिमरला विरघळवणाऱ्या द्रावकात सॉक्सलेटने धुणं. पीएमएमएसाठी (एमएमएपासून बनणारं पॉलिमर) ॲसिटोन, पॉलिस्टायरीनसाठी टोल्युइन, पॉलिॲक्रिलामाइडसाठी गरम पाणी. किमान २४ तास. पाण्याने पीएमएमए विरघळतच नाही, म्हणजे पाण्याने धुऊन काही सिद्ध होत नाही.

उदाहरणादाखल: चकतीचं कोरडं वजन ०.४८० ग्रॅम. अभिक्रियेनंतर ०.५६२. ॲसिटोनने धुऊन वाळवल्यावर ०.५११. एकूण वाढ १७.१ टक्के, पण ग्राफ्ट फक्त ६.५ टक्के. उरलेलं ०.०५१ ग्रॅम हे नुसतं पोकळीत अडकलेलं सुटं पॉलिमर होतं.

आता कृती. १९५८ साली मिनो आणि कायझरमन यांनी सेरिक आयनवर आधारलेली ही पद्धत मांडली. चार-संयुजी सेरियम सेल्युलोजच्या साखळीतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिल गटांना धरतं, त्या दोन कार्बनांमधला बंध तोडतं आणि तिथे मूलक (सुटा इलेक्ट्रॉन असलेला अतिक्रियाशील गट) तयार होतो. एमएमएची साखळी त्या मूलकापासून वाढत जाते. म्हणजे साखळी आयती आणून चिकटवलेली नसते, लाकडातूनच उगवते.

चकत्या रसकाष्ठातून (सालीलगतच्या फिकट लाकडातून) कापा, गाठ नको. पृष्ठभाग पॉलिशपेपरने घासू नका; बारीक भुगा पेशींच्या तोंडात बसतो आणि मोजमाप त्या भुग्याचं होतं. धारदार पात्याने किंवा चांगल्या लावलेल्या रंध्याने साफ करा. मग टोल्युइन आणि इथेनॉल, आकारमानाने २:१, सॉक्सलेटमध्ये ६ ते ८ तास; हे निष्कर्षण, म्हणजे लाकडातले अर्क काढून टाकणं. द्रावक उडू द्या आणि ६० अंशांवर निर्वातात वजन स्थिर होईपर्यंत वाळवा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. चकत्या उकळून थंड केलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवून व्हॅक्यूम द्या, सोडा, परत द्या, चकत्या तळाला बसेपर्यंत. पेशींच्या पोकळ्यांमध्ये हवा असते आणि हवेतला ऑक्सिजन मूलक मारतो. फ्लास्कमध्ये कितीही नायट्रोजन सोडला तरी लाकडाच्या आतली हवा तशीच राहते. शिवाय पाण्याने पेशीभित्ती फुगते, त्यामुळे सेरियम आत शिरू शकतं.

१०० मिलि द्रावणासाठी: सेरिक अमोनियम नायट्रेट ०.५५ ग्रॅम, म्हणजे ०.०१ मोलर. संहत नायट्रिक आम्ल ०.६४ मिलि, म्हणजे साधारण ०.१ मोलर. आम्ल नसेल तर सेरियमचा साका खाली बसतो, जास्त झालं तर हेमिसेल्युलोज (भित्तीतलाच सेल्युलोजपेक्षा नाजूक घटक) तुटायला लागतं. पाच चकत्या, म्हणजे सुमारे २.४ ग्रॅम लाकूड. चकत्या टाकून अर्धा तास नायट्रोजन, ४५ अंश तापमान. मग सेरियम. पंधरा मिनिटांनी एमएमए १.५ मिलि. ते पाण्यात साधारण दीड टक्काच विरघळतं. जास्त घातलं की वर तरंगतं, दुधाळ होतं आणि सुटं पॉलिमर वाढतं. अधिक ग्राफ्ट हवा असेल तर एकदम न ओतता दर अर्ध्या तासाने अर्धा-अर्धा मिलि घाला. एकूण वेळ ३ तास. शेवटी चिमूटभर हायड्रोक्विनोन टाकून अभिक्रिया थांबवा.

एमएमएमध्ये साठवणुकीसाठी अवरोधक घातलेला असतो. ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने दोनदा, मग पाण्याने हलवून धुवा, निर्जल सोडियम सल्फेटवर वाळवा आणि त्याच दिवशी वापरा.

आणि नजर द्रावणाच्या रंगावर ठेवा. सेरियमचं द्रावण गडद पिवळं-केशरी असतं, खर्च झालं की रंगहीन होतं. तासाभरात हळूहळू फिकं पडत गेलं तर काम नीट चाललंय. एमएमए घालण्याआधीच्या त्या पंधरा मिनिटांतच रंग उडाला, तर लाकडातले उरलेले अर्क आणि लिग्निन यांनीच सेरियम खाऊन टाकलंय. तिथे थांबा. पुढचे तीन तास फुकट घालवण्यात अर्थ नाही, निष्कर्षण परत करा.

कोकणकडा

रेणूबंध यांच्या कृतीत कोऱ्या नमुन्यांची भर घालतो, नाहीतर ६.५ टक्के हा आकडाही फसवा ठरेल. निदान तीन संच लागतात: सेरियम आणि आम्ल पण एमएमए नाही, एमएमए आणि आम्ल पण सेरियम नाही, आणि नुसतं पाणी, त्याच तापमानाला तेवढाच वेळ. तिन्ही संच तसेच ॲसिटोनने धुवायचे, तसेच वाळवायचे.

पहिल्या संचाचं वजन घटतं. आम्ल आणि सेरियम मिळून थोडं हेमिसेल्युलोज-लिग्निन विरघळवतात. समजा ती घट २ टक्के आली, तर खरा ग्राफ्ट ६.५ नसून साधारण ८.५ टक्के आहे. दुसऱ्या संचात धुतल्यावरही वजन वाढलेलं राहिलं, तर धुणं अपुरं आहे.

प्रत्येक संचात निदान पाच चकत्या ठेवा, आणि शक्यतो एकाच पट्टीतून ओळीने कापलेल्या. एका फळीतल्या दोन टोकांच्या घनतेत जो फरक असतो त्यात सगळा निष्कर्ष बुडून जाऊ शकतो.

लाकूडतोड्या

माझा आक्षेप जरा वेगळा आहे. इतका खटाटोप कशाला? लाकूड व्हॅक्यूममध्ये ठेवायचं, एमएमएमध्ये अर्धा टक्का एआयबीएन (तापल्यावर मूलक सोडणारा आरंभक) घालून ते आत शोषू द्यायचं, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून ७० अंशांवर २४ तास. वजनवाढ ५०-६० टक्के सहज मिळते. लाकूड दगडासारखं कठीण होतं. १९६० च्या दशकात अमेरिकेत अशाच लाकडाच्या फरश्या गॅमा किरणांनी पक्क्या करून विकल्या जात होत्या.

रेणूबंध

फरशीसाठी ती पद्धत उत्तमच. टणकपणा आणि झीज यांत तिला तोड नाही. पण प्रश्न फुगण्याचा आहे, आणि तिथे ती कमी पडते. कारण असं:

लाकूड फुगतं ते पेशीभित्तीत पाणी शिरल्यामुळे. पोकळीतल्या पाण्याने फुगत नाही. भित्ती साधारण २८-३० टक्के ओलाव्याला तृप्त होते, त्यापुढचं पाणी नुसतं पोकळीत साठतं. एमएमए तेलकट स्वभावाचं, कोरड्या भित्तीत शिरतच नाही. ते पोकळीत भरतं आणि तिथेच घट्ट होतं. घट्ट होताना त्याचं आकारमान सुमारे २१ टक्के कमी होतं, म्हणून ते भित्तीपासून सुटून आकसतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली आडवा छेद पाहा: प्रत्येक पेशीच्या पोकळीत पॉलिमरची एक गुळगुळीत कांडी, आणि तिच्याभोवती भित्तीला लागून बारीक काळी फट. पाणी त्या फटीतून केशाकर्षणाने चढतं. असं लाकूड पाण्यात टाकलं तर फुगायला वेळ जास्त लागतो, पण पुरेसं भिजवलं की जवळजवळ तेवढंच फुगतं. एक दिवस भिजवून निष्कर्ष काढणारे इथेच फसतात.

भित्तीत जायचं असेल तर आधी भित्तीचा स्वभाव बदलावा लागतो. एक मार्ग म्हणजे मेथाक्रिलिक ॲनहायड्राइड. लाकूड पिरिडीनसारख्या फुगवणाऱ्या द्रावकात ठेवून ५०-६० अंशांवर अभिक्रिया केली की भित्तीतल्या हायड्रॉक्सिलवर मेथाक्रिलेट गट बसतात. मग द्रावक आणि सुटलेलं मेथाक्रिलिक आम्ल नीट धुऊन काढायचं. आता भित्तीला पाण्याची ओढ कमी झालेली असते, म्हणून स्टायरीन किंवा एमएमए आत शिरतं आणि वाढणारी साखळी त्या गटांना गुंफून घेते. पुन्हा छेद पाहिला तर फट दिसत नाही, पॉलिमर भित्तीला चिकटून असतं.

ज्यांना साखळीची लांबीही ताब्यात हवी त्यांच्यासाठी एटीआरपी (नियंत्रित मूलक बहुलकीकरण) आहे: ब्रोमोआयसोब्युटिरिल ब्रोमाइडने आरंभक लाकडावर बसवायचा, मग तांब्याच्या क्षाराने साखळी वाढवायची. झुरिकच्या ईटीएचमध्ये लाकडावर यावर चांगलं काम झालं आहे. पण ते ब्रोमाइड ओलाव्याला लागताच हायड्रोजन ब्रोमाइडचा धूर सोडतं, सगळं काटेकोर कोरडं लागतं आणि शेवटी तांब्याची हिरवट झाक लाकडातून काढत बसावं लागतं. सुरुवात तिथून करू नये.

लाकूडतोड्या

फटीचा मुद्दा पटला. फुगण्याचं मोजमाप कसं करावं, तेही सांगा.

कोकणकडा

त्यासाठी २ मिमीची चकती चालणार नाही, जाडीतली चूक फार मोठी येते. २० × २० × १० मिमी घ्या, १० मिमी रेषांच्या दिशेला, कडा अरीय (गाभ्याकडून सालीकडे) आणि स्पर्शीय (वार्षिक वलयांना समांतर) दिशांना बरोबर समांतर. ०.०१ मिमीचा स्क्रू गेज. वाळवून मोजा, व्हॅक्यूमने पाणी भरून पाच दिवस भिजवा, परत मोजा. फुगण्याचं प्रमाण म्हणजे ओलं आकारमान वजा कोरडं, भागिले कोरडं. कोऱ्या आणि ग्राफ्ट केलेल्या लाकडाच्या फुगण्यातला फरक भागिले कोऱ्याचं फुगणं, गुणिले १००, ही झाली फुगरोधक क्षमता.

हे चक्र किमान चारदा करा. पहिल्या चक्रात ४० टक्के आणि चौथ्यात १० टक्के आली तर पॉलिमर बांधलेलं नव्हतं, पाण्याबरोबर निघून गेलं किंवा भित्तीला तडे गेले. स्वीडनचं वासा जहाज १९६१ मध्ये वर काढल्यावर वर्षानुवर्षं पॉलिइथिलीन ग्लायकॉलने फवारत ठेवलं, ते भित्ती भरून आकसू नये म्हणून. ग्लायकॉलने ते काम केलं, पण ते लाकडाला बांधलेलं नसतं, म्हणून असं लाकूड पुन्हा पाण्यात ठेवता येत नाही.

४० टक्क्यांचा व्यवहारात अर्थ काय तेही सांगतो. सागवान स्पर्शीय दिशेने हिरव्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत सुमारे ५.८ टक्के आकसतं. म्हणजे ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्याला ०.१९ टक्के. १५० मिमी रुंदीची फळी १० टक्के ओलाव्यावरून पावसाळ्यात १८ टक्क्यांवर गेली तर २.३ मिमी वाढते. ४० टक्के क्षमता असेल तर ती वाढ १.४ मिमीवर येते. चार फळ्यांच्या दारात हाच फरक साडेतीन मिमीचा होतो, म्हणजे दार अडकणं आणि न अडकणं यातला फरक.

शिवणकाठ

तिसऱ्या प्रश्नावर, सागवानाबद्दल. स्पष्ट सांगायचं तर सागवानाच्या गाभ्यावर ही कृती करू नका.

सागवानात टेक्टोक्विनोन, लॅपॅकॉल अशी क्विनोन वर्गातली द्रव्यं असतात. वाळवी सागवानाला सहसा लागत नाही त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पण क्विनोन हे मूलक गिळणारेही असतात. रेणूबंध यांनी अभिक्रिया थांबवायला जे हायड्रोक्विनोन सांगितलं, त्याच कुळातले. म्हणजे सागवानात अभिक्रिया थांबवणारं औषध आधीपासून मुरलेलं आहे. ताज्या रंधलेल्या सागवानावर काही रेझिनं चिकट राहतात, वाळायला वेळ घेतात, त्याचं कारणही हे अर्कच.

निष्कर्षण करून ते काढता येतात, पण गाभ्याच्या पेशींची तोंडं बंद असतात, २ मिमी चकतीलाही ॲसिटोनने २४ तास आणि मग टोल्युइन-इथेनॉलने तेवढेच लागतात. आणि एवढं करून हाती काय येतं? सागवानाचा नैसर्गिक टिकाऊपणा काढून टाकलेलं सागवान. ज्या लाकडाला मुळात मदतीची गरज नाही त्याच्यावर ही मेहनत नको. आंबा, रबर, सिल्व्हर ओक, सावर यांच्यावर करा. ही लाकडं स्वस्त, लवकर वाढणारी, रंग फिकट, अर्क कमी, आणि कीड-बुरशी-फुगणं या तिन्हींत कमजोर. रबराच्या लाकडावर बेंगळुरूच्या लाकूड विज्ञान संस्थेत आयसोप्रोपेनिल ॲसिटेटने ॲसिटिलेशनचं काम झालंय. ते पॉलिमर ग्राफ्टिंग नाही, हायड्रॉक्सिल झाकणंच आहे, पण तत्त्व जवळचं. त्यात ॲसेटिक आम्लाऐवजी ॲसिटोन सुटतं, म्हणून आंबट वास आणि खिळ्यांना गंज हे दोन्ही टळतात.

सुतारपक्षी

धन्यवाद, सागवान यादीतून काढलं. ग्राफ्ट झालाय हे एफटीआयआरने (अवरक्त वर्णपटाने) दाखवता येईल ना? १७३० च्या आसपास कार्बोनिलचं शिखर ठळक दिसतं.

रेणूबंध

तेवढ्यावर विसंबू नका. कोऱ्या लाकडालाही १७३५ जवळ शिखर असतंच, हेमिसेल्युलोजच्या ॲसिटिल गटांचं. पीएमएमएचं १७३० त्यावरच येऊन बसतं. म्हणून १५१० चं लिग्निनचं शिखर आधार धरा आणि १७३० भागिले १५१० हे गुणोत्तर कोऱ्या, सेरियम-कोऱ्या (सेरियम आहे पण एमएमए नाही) आणि ग्राफ्ट केलेल्या नमुन्यांत ताडून पाहा. त्यातही एक खोच आहे: सेरियमने लिग्निन खाल्लं तर १५१० च घटतं आणि गुणोत्तर आपोआप वाढतं. सेरियम-कोरा संच म्हणूनच हवा.

पद्धत पडताळायला एक संच स्टायरीनचा करा. त्याचं ६९८ चं शिखर लाकडाच्या गर्दीत वेगळं उठून दिसतं. आणि एटीआर जोडणीवर (नमुना स्फटिकावर दाबून पृष्ठभाग मोजणारी) तुम्ही वरचे एक-दोन मायक्रॉनच पाहताय हे लक्षात असू द्या. आतलं पाहायचं तर चकती फोडून फुटीचा ताजा भाग ठेवा.

कोकणकडा

पाण्याच्या थेंबाच्या कोनाबद्दल तसाच इशारा. ग्राफ्टिंगनंतर कोन ११०-१२० अंश आला म्हणून आनंद होतो. पण कोरं लाकूड नुसतं १०३ अंशांवर रात्रभर तापवलं तरी त्याचा कोन वाढतो, कारण आतले मेदाम्ल-राळेचे अंश उष्णतेने पृष्ठभागावर येतात. ६० अंशांवर निर्वातात वाळवायचं ते यासाठी.

थेंब ५ मायक्रोलिटर, आणि कोन १, १० आणि ६० सेकंदांना टिपा. एकच आकडा निरुपयोगी. खरं ग्राफ्ट झालेल्या पृष्ठभागावर थेंब मिनिटभर जवळजवळ तसाच उभा राहतो. नुसत्या तापवलेल्यावर आधी उभा राहतो आणि मग कडेने पसरत, बसत जातो. ॲसिटोनने धुण्याआधीचा आणि नंतरचा कोन दोन्ही नोंदवा.

शिवणकाठ

उन्हाबद्दल कोणी लिहिलं नाही. पीएमएमए पाणी अडवतं, ऊन अडवत नाही. अतिनील किरण लाकडात ७५ मायक्रॉनपर्यंतच जातात, पण तेवढ्या थरातलं लिग्निन तोडतात, लाकूड करडं पडतं, वरचा लेप खालून सुटतो. ऊन अडवायचं तर अतिनील शोषणारा गटच बांधावा लागेल. इपॉक्सी शेपटी असलेलं हायड्रॉक्सिबेन्झोफेनोन लाकडाच्या हायड्रॉक्सिलवर बसवता येतं, किंवा बेन्झोट्रायाझोलचा मेथाक्रिलेट एमएमएबरोबर साखळीत गुंफता येतो. वॉर्निशमध्ये नुसता मिसळलेला शोषक काळाने निघून जातो, बांधलेला राहतो. ग्राफ्टिंगचा सगळ्यात खरा फायदा मला इथे दिसतो.

लाकूडतोड्या

आणि वर्कशॉपमध्ये, अख्ख्या दाराला?

शिवणकाठ

सेरियमची पद्धत दाराला नाही. तिथे फार तर सिलेन (लाकूड आणि लेप यांना जोडणारं सिलिकॉनचं संयुग): ९५ भाग इथेनॉल, ५ भाग पाणी, ॲसेटिक आम्लाने सामू ४.५ ते ५.५, त्यात २ टक्के मेथाक्रिलॉक्सिप्रोपिल ट्रायमिथॉक्सिसिलेन, दहा मिनिटं ढवळून लगेच ब्रशने. एक दिवस उघड्यावर सुकू द्या, मग मूलकावर पक्का होणारा ॲक्रिलिक लेप. लाकूड आणि सिलिकॉनमधला बंध पाण्याने हळूहळू तुटतो, त्यामुळे लेपाची पकड सुधारते पण फुगणं कमी होत नाही. दारासाठी त्याहून महत्त्वाचं म्हणजे फळीची वरची-खालची कापलेली टोकं. रेषांच्या दिशेने पाणी आडव्या दिशेपेक्षा कितीतरी पट वेगाने चढतं, आणि नेमकी खालची कडा बिनरंगाची राहते.

कोकणकडा

सुरक्षेचं, कारण यात जीव जाऊ शकतो. नायट्रिक आम्लाचा टाकाऊ आणि ॲसिटोन-इथेनॉलचा टाकाऊ कधीही एका बाटलीत नको, स्फोट होतो. सेरिक अमोनियम नायट्रेट ऑक्सिडीकारक आहे, कोरडं असताना लाकडाच्या भुशाजवळ ठेवू नका. एमएमएचा ज्वलनबिंदू (ठिणगी लागताच वाफ पेट घेते ते तापमान) १० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे कायमच पेट घेण्याजोगं. साध्या लॅटेक्स मोज्यांतून ते आरपार जातं आणि एकदा त्वचेला ॲलर्जी झाली की जन्मभर राहते.

सुतारपक्षी

शेवटचं एक. वाळवल्यावर चकत्या वाटीसारख्या वाकतात, तीही सगळ्या एकाच बाजूला.

रेणूबंध

चकत्या फ्लास्कच्या तळाला सपाट पडून राहिल्यात. वरच्या बाजूला ताजं द्रावण मिळतं, खालची बाजू काचेला टेकलेली. वर ग्राफ्ट जास्त, म्हणून भित्ती भरलेली आणि आकसणं कमी. खाली कमी, म्हणून आकसणं जास्त. वाटीचा खोलगट भाग काचेकडच्या बाजूला येतोय का ते तपासा. येत असेल तर चकतीच्या कोपऱ्यात १ मिमीचं भोक पाडून टेफ्लॉनच्या दोऱ्यात ओवा, मध्ये काचेच्या नळीचे छोटे तुकडे घाला म्हणजे चकत्या एकमेकींना चिकटणार नाहीत, आणि द्रावणात उभ्या टांगा. खालच्या टोकाला काचेचं वजन बांधा. भोक चकतीचं पहिलं वजन करण्याआधी पाडायचं.